भाईंचा गुडघा

आमचा डबा यंदा पुन्हा बाहेर निघाला. त्याचं सगळं श्रेय माझा नवरा स्वतःकडे घेतो. साफसफाईची वेळ आली तेव्हा मात्र त्याला एकाएकी ऑफिसचे फोन यायला लागले होते.

डबा म्हणजे आमची कॅरॅव्हान. चाकांवरची एक पांढरी खोली, आत समोरासमोर दोन बाकं, एक ओटा आणि एक कपाट. त्या कपाटाला विकणाऱ्याने बाथरूम म्हटलं होतं. इथली, दोह्यातली नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या एका इंजिनियरकडून आम्ही ती घेतली, त्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही म्हणजे दोन कुटुंबं. एक आमचं आणि दुसरं आमच्या शेजाऱ्यांचं. ते दोघे रत्नागिरीकडचे, आम्ही साताऱ्याचे. दोह्याच्या अल सद्द भागात एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. सगळी बिल्डिंग त्यांना भाई आणि भाभी म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. भाई एका ट्रेडिंग कंपनीचं गोदाम सांभाळायचे. नवरा तेव्हाही रास लफानच्या गॅस प्लान्टवर शिफ्टमध्ये होता आणि आजही आहे. ऑक्टोबर संपून हवा जरा माणसात आली, की हे दोघे डबा काढायचे आणि आम्ही सगळे वाळूत जाऊन राहायचो.

इथल्या लोकांना थंडी पडली की घरात चैन पडत नाही. सगळा देश समुद्रकाठी तंबू ठोकतो. आम्हाला ती लागण भाईंमुळे झाली. पुढे कोरोनाची साथ आली. ती संपली तर नवऱ्याची बायपास निघाली. तो धडधाकट होईपर्यंत भाई रिटायर होऊन मुलाकडे दोह्याजवळ वक्र्याला राहायला गेले, आणि डबा इंडस्ट्रियल एरियात, एशियन टाउनच्या मागच्या एका यार्डात उन्हं खात पडला. आम्ही दर हिवाळ्यात फोनवर म्हणायचो, यंदा जायचंच. भाई म्हणायचे, इन्शाल्ला. मग एप्रिल यायचा.

यंदा नवऱ्याने कुठलेसे व्हिडिओ बघितले आणि मनावर घेतलं. चार पायांचं घडीचं टेबल आणलं, त्याचा एक पाय पहिल्या दिवसापासून घडीतच राहायचा. कपाळावर बांधायचा दिवा आणला. तो बांधून माझ्याशी बोलायला आला की मला चौकशीला बसवल्यासारखं वाटायचं. यार्डात जाऊन डबा उघडला, तेव्हा आतून धुळीचा असा लोट आला की तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "तसा बरा राहिलाय." ओट्याखालच्या फळीवर मला मागच्या खेपेचे पोहे सापडले. ते त्याने हातात घेऊन वासही घेतला. या माणसाचं हृदय दुरुस्त केलं, त्या डॉक्टरांनी थोडं वरचंही बघायला हवं होतं.

निघायच्या आधी भाईंच्या मुलाचा मला फोन आला. हा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत वाढला. त्याला मराठी सगळं कळतं, भाभींची कोकणीही कळते, पण उत्तर येतं ते इंग्रजीतच. लहानपणी मी "भूक लागली का रे" विचारलं की हा "लिटल बिट" म्हणायचा आणि चार धपाटी खाऊन जायचा. आता तो बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आवाजात गांभीर्य आलं आहे. तो इंग्रजीत जे बोलला त्याचा सारांश असा. अब्बांच्या गाडीच्या दोन्ही बाजू खरचटल्या आहेत. अब्बा म्हणतात, पार्किंगमध्ये कोणीतरी घासून गेलं. एकदा ठीक आहे, पण दर महिन्याला कोण घासणार? तुम्ही वाळूत दोन दिवस त्यांच्याबरोबर आहात. ते गाडी कशी चालवतात ते नीट बघा आणि मला खरं सांगा. धोका असेल तर मी गाडी विकतो आणि दोघांना गावाला पाठवतो. तिथे घर आहे, चुलते आहेत, दारात रिक्षा येते. इथे गाडीशिवाय ते चार भिंतींत बसून काय करतील?

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"अम्मी म्हणते, अब्बा एकदम फाइन आहेत," तो इंग्रजीतच म्हणाला. "अम्मी नेहमीच तसं म्हणते. म्हणून तुम्हाला विचारतोय."

मी हो म्हटलं. खरं तर मला त्याचा राग आला होता. ज्या माणसाने मला वाळूतून कधी एक ओरखडा न लागता नेलं आणि आणलं, त्याच्यावर हेरगिरी करायची? पण मी नाही म्हटलं असतं तर त्याने माझ्या नवऱ्याला विचारलं असतं. आणि नवऱ्याला समोरून ट्रक येताना दिसला, तरी तो आधी त्याचं मॉडेल कुठल्या सालचं असेल याचा विचार करतो.

गुरुवारी दुपारी निघालो. एरवी डबा भाईंच्या मोठ्या गाडीला मागे जोडून जायचा. यंदा मुलाने परस्पर रिकव्हरीवाल्याला सांगून टाकलं होतं, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या उचलून नेतो तो. त्याने डबा सकाळीच नेऊन समुद्रकाठी उभा केला. भाईंना हे फार लागलं. मसईदला डांबरी रस्ता संपतो तिथे टायरमधली हवा कमी करायला आम्ही थांबलो, तेव्हा ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "माझा डबा रिकव्हरीवर. लोकांना वाटलं असंल, कुणाची तरी अम्बुलन्स चालली."

तिथून पुढे वाळू. हवा कमी केली की टायर पसरतो आणि रुतत नाही, इतकं मलाही कळतं. पण वाळूत खरी अक्कल लागते ती पुढच्याला. कुठली वाळू घट्ट आहे, कुठली आतून पोकळ आहे, हे तो बघतो आणि मागचा त्याच्या चाकोरीतून जातो. आमच्यात पुढची गाडी भाईंची, हा ठरलेला कायदा. नवरा एवढी वर्षं मागून गेला आणि तरीही दर खेपेला एकदा रुतला. त्याच्या मते त्या वेळी भाईंनीच चाकोरी बिघडवलेली असते.

यंदा भाई पुढे झाले आणि मी मागच्या गाडीतून त्यांच्या चाकांवर नजर ठेवून बसले. मला तर काही वावगं दिसलं नाही. उलट त्यांनी एका उंच टेकाडाला असा छान वळसा घातला की मनातल्या मनात मी त्यांच्या मुलाला दोन शब्द सुनावलेही. पोचलो तेव्हा आपला डबा समुद्राकडे तोंड करून उभा होता. आजूबाजूला तसेच पांढरे डबे, तंबू, जनरेटर, पोरांचं हुंदडणं. भाभींनी उतरल्या उतरल्या सतरंजी टाकली, कोळंबीचं सालन आणि तांदळाच्या भाकऱ्या काढल्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. दोघींनीही एकमेकींना म्हटलं, "कशाला एवढं केलंस?" आणि दोघींनीही दुसरीचं जास्त खाल्लं.

एक गोष्ट मात्र बदलली होती. भाभी बोलायला लागल्या होत्या. पूर्वी या बाई गाडीत बसल्या की हातात तसबी घेऊन गप्प असायच्या. भाई उभ्या उतारावरून गाडी खाली सोडायचे तेव्हा त्यांच्या गाडीत असले तर मी मागे बसून सगळ्या देवांना हाका मारायची आणि भाभी शांतपणे मणी ओढायच्या. आता त्या सारख्या भाईंच्या मागे. "अवो, चहा डाव्या हाताला ठेवलाय. बगा." "अवो, तिकडं दोरी हाय, पाय अडकंल." "उजवीकडं कुठं चाललांव?" भाई एकदाही उलटून बोलले नाहीत, याचंही मला नवल वाटलं. नवऱ्याला तर फुकटचा खेळच मिळाला. तो म्हणाला, "भाई, रिटायर झालात ना? आता तुम्हाला नवीन साहेब मिळाला." भाई हसले. भाभीही हसल्या, पण तोंड दुसरीकडे करून.

संध्याकाळी आणखी एक गंमत झाली. भाई मगरिबच्या नमाजाला जवळच्या तंबूतल्या लोकांबरोबर उभे राहिले आणि परत येताना भलत्याच डब्यात शिरले. आत एक केरळी कुटुंब जेवायला बसलं होतं. भाईंनी चप्पल काढली, हात धुवायला पुढे झाले आणि मग थबकले. त्या लोकांनी त्यांना बसवून घेतलं, केळ्याचे काप खायला दिले आणि एक वाटी बरोबरही दिली. भाई वाटी घेऊन आले तेव्हा नवरा हसून हसून त्या तीन पायांच्या टेबलावर कलंडला आणि टेबल आडवं झालं. मीही हसले. सगळे डबे पांढरे, तिन्हीसांजेची वेळ, माझाही गोंधळ झाला असता. पण भाभी तोवर उठून चपला घालून निघालेल्या होत्या. भाईंना यायला जरा उशीर झाला एवढ्यानेच त्या शोधायला निघाल्या होत्या, हे हसणं ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्ही वाळूच्या टेकड्यांपलीकडे समुद्र आत शिरला आहे तिथपर्यंत जायचं ठरवलं. मी म्हटलं, मी भाईंच्या गाडीत बसते, आमच्या गाडीत जुनी गाणी ऐकून माझे कान किटलेत. नवऱ्याला ते लागलं, कारण गाडी चालवताना तो स्वतःही ती गाणी म्हणतो. पण मला माझं काम करायचं होतं. भाभी क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ये. पण मना बोलायची सवय लागलीय हां. कंटाळशील."

मागच्या सीटवर बसून मी ते बोलणं नीट ऐकलं. "डावीकडं काट्याचं झुडूप." "उजवीकडनं पांढरी गाडी येतेय, येऊं द्या तिला." "डावीकडं तंबूची मेख." थोड्या वेळाने माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाईने समोरच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. समोर केवढा थोरला चढ आला, समोरून दोन उंट आले, तरी ती गप्प. भाई ते सगळं स्वतः बघत होते आणि उत्तम बघत होते. ती बोलत होती ते फक्त डावं आणि उजवं. आणि भाई वळत होते ते तिच्या बोलण्यानंतर, आधी नाही.

मी गार पडले. दोन दिवस आम्ही ज्याला कटकट म्हणून हसत होतो, ते या बाईचं डोळे उसने देणं होतं.

परत फिरताना तो प्रसंग घडला. डावीकडच्या टेकाडामागून चार चाकांची एक छोटी मोटारसायकल सुसाट आली. वर जेमतेम दहा वर्षांचं पोर. भाभी त्या वेळी माझ्याकडे वळून पाण्याची बाटली देत होत्या. मी आणि त्यांनी एकदमच "थांबा" म्हटलं. भाईंनी ब्रेक मारला, गाडी वाळूत नाक खुपसून थांबली आणि ते पोर आमच्या बॉनेटसमोरून हात हलवत निघून गेलं.

भाईंनी इंजिन बंद केलं. स्टेअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून ते म्हणाले, "कुठून आला तो?"

 मागून नवरा आला आणि खिडकीतून डोकावून म्हणाला, "काय भाई, यंदा तुम्ही रुतलात वाटतं." त्याला बिचाऱ्याला काही दिसलं नव्हतं. भाई त्याच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते. ते हसू बघून मला रडू फुटायला आलं, म्हणून मी खाली उतरले आणि नवऱ्याला उगाच एका टायरवरून बोल लावला.

डब्यावर परत आल्यावर आम्ही दोघी भांडी घासायला समुद्राच्या बाजूला बसलो. अजून उजेड होता. मी सरळ विचारलं, "कधीपासून, भाभी?"

त्यांनी पातेलं घासायचं थांबवलं नाही. "काचबिंदू हाय," त्या म्हणाल्या. "समोरचं अगदी लख्ख दिसतं. मच्छीचा काटा माज्या आधी त्यांना दिसतो. पण बाजूचं जातंय. गेलं ते आता परत येत नाय, म्हणाला डॉक्टर. राहिलंय ते टिकवायचं. औषध घालते मी दोन वेळा."

"मुलाला सांगितलंत?"

"सांगितलं तर तो चावी काढून घेईल. मग गावाला पाठवील. तुला ठाऊक हाय, माजं कोणी ऐकणार नाय."

"गाव काय वाईट आहे का?"

त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "घर मोठं हाय गं. आंबे हायत. पण सगळी आयुष्याची माणसं हितं. त्यांना पहाटे मच्छी मार्केटला जायला लागतं, तिथं चार जण हाका मारतात. गावात आता त्यांना कोण वळखतो? सुट्टीवर आलेला पाव्हणा म्हणून बघतात. आणि तू तरी तिकडं येशील काय?"

मी म्हटलं, येईन की. दोघींनाही माहीत होतं की मी येणार नाही. साताऱ्याला चार दिवस जायचं म्हणजे मला दोन वर्षं लागतात.

मग मला राग आला. भाभींचा, भाईंचा, त्या मुलाचा, सगळ्यांचाच. मी म्हटलं, "आज ते पोर वाचलं. तुम्ही बाटली द्यायला वळलात आणि तेवढ्यात झालं. तुम्ही दर वेळी कुठे कुठे बघणार? तुम्हाला गाडी येते की. अल सद्दला असताना तुम्ही आमच्या सगळ्यांच्या पोरांना शाळेत सोडत होता. माझ्याकडे तर तेव्हा लायसन्सही नव्हतं."

"ती रस्त्यावर. वाळूत मना कवा दिली त्यांनी गाडी?"

"तुम्ही कधी मागितलीत?"

त्यांनी पातेलं विसळलं आणि माझ्या हातातला झाराही घेऊन विसळला. मी आधीच विसळलेला होता तो. जेवताना चौघेही हवेबद्दल बोललो. नवऱ्यालाही कुठेतरी काही बिनसलंय हे कळलं असावं, कारण त्याने दिवा कपाळावरून काढून ठेवला.

शनिवारी सकाळी सामान भरून झालं, डबा रिकव्हरीवाला नंतर उचलणार होता. भाभी भाईंच्या शेजारी बसायला गाडीकडे निघाल्या, तेव्हा भाई गाडीला टेकून उभे होते. त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माजा गुडघा दुखतोय."

 मग भाई पुढे म्हणाले, "रात्रीपासून ठणकतोय. क्लच दाबवंल असं वाटत नाय. तूच चालव."

भाईंच्या गाडीला क्लच नाही. ती ऑटोमॅटिक आहे आणि हे आम्हा चौघांनाही माहीत आहे. मी नवऱ्याकडे बघितलं. गाड्यांच्या बाबतीत समोरच्याची चूक काढल्याशिवाय या माणसाला पाणी गोड लागत नाही. त्याने तोंड उघडलं. मी जीव मुठीत धरून उभी राहिले. आणि तो म्हणाला, "भाई, गुडघ्याशी खेळ नको. माझ्या आईने असंच अंगावर काढलं होतं. भाभींना चालवू द्या."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी मला हा माणूस पुन्हा एकदा फार आवडला.

मग आम्ही सगळ्यांनी त्या गुडघ्याचं फार केलं. मी विचारलं, सूज आहे का? भाई म्हणाले, आतून हाय. नवऱ्याने प्रथमोपचाराच्या पेटीतून क्रेप बँडेज काढलं. ते त्याने याच खेपेला घेतलं होतं आणि वापरायला मिळत नाही म्हणून तो हळहळत होता. पॅन्टवरूनच त्याने ते गुंडाळलं. भाई शहाण्या पोरासारखा पाय पुढे करून बसले. भाभींनी विचारलं, "लई दुखतं काय?" आणि भाई म्हणाले, "लई." तेवढा एकच शब्द त्यांनी तिच्याकडे सरळ बघून म्हटला.

भाभी स्टेअरिंगवर बसल्या. मी मागे. भाई शेजारी, बँडेज बांधलेला पाय समोर ताठ. पहिल्याच चढाच्या पायथ्याशी गाडी बसली. भाभींनी गॅस जोरात दिला आणि मागची चाकं खोल गेली. त्यांनी स्टेअरिंगवरून हात काढून घेतले आणि म्हणाल्या, "बगितलंत? मना नाय जमायचं हे."

भाई उतरले. लंगडायचं विसरले. गाडीला वळसा घालून मागच्या चाकापाशी दोन्ही गुडघे टेकून बसले आणि ओंजळींनी वाळू उपसायला लागले. एक चाक झालं, दुसऱ्याला गेले, तिथेही तसेच धप्पकन गुडघ्यांवर. बँडेज सुटून वाळूत लोळत होतं. नवरा मदतीला आला, खाली वाकला आणि म्हणाला, "अहो भाई, तुमचा गुड..." आणि मी त्याच्या पायावर माझा पाय दिला. तोही मग मुकाट्याने वाळू उपसू लागला.

भाई अंग झटकून परत शेजारी येऊन बसले. "स्टेरिंग सरळ," ते म्हणाले. "गॅस नको दाबूस, नुसता पाय ठेव. घाई नाय. आता मागं घे. थोडं मागं. आता फुडं, आपल्याच चाकोरीतनं." गाडी निघाली. भाभींच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता. पुढे भाई बोलत राहिले. समोर गडद दिसते ती घट्ट, तिच्यावर घाल. ती पिवळी चमकतेय तिथं नको, ती फसवील. मधेच भाभी म्हणायच्या, "डावीकडं दोन गाड्या हायत," आणि भाई म्हणायचे, "मग थांब, जाऊं दे त्यांना." पूर्वी हे बोलणं एकीचं होतं, आता दोघांचं झालं. मसईदच्या रस्त्याला गाडी लागली तेव्हा भाभींनी एकदाच मोठा श्वास सोडला. टायरमध्ये हवा भरून होईपर्यंत त्या खाली उतरल्याच नाहीत. म्हणाल्या, उठले तर परत कोण बसंल सांगता येत नाय.

संध्याकाळी मी गॅलरीत कपड्यांतली वाळू झटकत होते, तेव्हा मुलाचा फोन आला. मी त्याची वाटच बघत होते.

"आंटी, खरं सांगा. अब्बांनी गाडी कशी चालवली?" त्याने नेहमीसारखं इंग्रजीतच विचारलं.

"जाताना त्यांनी चालवली. येताना तुझ्या आईने चालवली."

"अम्मीने? वाळूत?"

"वाळूतून घरापर्यंत. यापुढे तीच चालवणार. तुझ्या अब्बांचा गुडघा दुखतोय."

 मग तो हळू आवाजात म्हणाला, "आंटी, फ्रिजमध्ये एक आय ड्रॉप्सची बाटली असते. अम्मी ती लोणच्याच्या मागे ठेवते. मी गूगल केलं. मला माहीत आहे."

"मग मला कशाला विचारलंस?"

"मला वाटलं, कोणीतरी दुसऱ्याने बोलावं," तो म्हणाला. "माझ्याने बोलवत नाही."

घ्या. आई मुलापासून लपवते, मुलगा आईला कळू देत नाही, बाप गुडघ्याआड लपतो, आणि मध्ये माझी वरात. पण मला त्याचा राग आला नाही. मी म्हटलं, "हे बघ, तुझ्या आईला वाळू वाचता येत नाही. ती पहिल्याच चढाला फसली. तुझ्या अब्बांनी शेजारी बसून तिला बाहेर काढलं. त्यांना गावाला पाठवायचं असेल तर पाठव, पण मग तुझ्या आईला इथे कोण शिकवणार? आणि आम्हाला पुढची गाडी नाही. माझ्या नवऱ्याला पुढे घालून मी वाळूत जाणार नाही, जीव प्यारा आहे मला."

तो हसला. मग फोन हातात धरूनच कुठेतरी चालत गेला असावा, कारण टीव्हीचा आवाज जवळ आला. आणि ज्या मुलाने इतक्या वर्षांत माझ्याशी चार शब्दही सलग मराठीत काढले नव्हते, तो त्याच्या आईच्या कोकणीत म्हणाला, "अब्बा, गुडघा दुखतोय म्हणं तुमचा. तेल लावून देऊं काय?"

टीव्हीचा आवाज बंद झाला.

"दे," भाई म्हणाले.

"कनचा?"

भाई जरा थांबले. विचार करत असावेत. "उजवा," ते म्हणाले.

मुलगा म्हणाला, "बरं, पाय सोडा मग असे." माझा फोन चालू आहे हे तो विसरून गेला होता. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज मी ऐकला आणि हळूच फोन ठेवून दिला.